आतली कडी

कारखान्यात तिला सगळे पेटीबाई म्हणत. हजेरीच्या कार्डावर आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते फक्त घड्याळाला माहीत.

कारखाना धुलाईचा. इस्पितळांच्या, हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल गाड्या भरभरून यायचे. खालच्या मजल्यावर ड्रममध्ये पडायचे, पिळून वर यायचे, तापलेल्या रोलरमधून कडक होऊन निघायचे, लांब टेबलांवर त्यांच्या घड्या व्हायच्या आणि गठ्ठे बांधून ते कोठारात जायचे. एवढ्या वाफेत पेटीबाईचं काम तेवढं कोरडं. जिन्याखालच्या भिंतीला पत्र्याची एक पेटी ठोकलेली होती. वर बोटभर फट, खाली कुलूप. ज्याला जे सांगायचं ते त्यानं कागदावर लिहून, नाव न घालता, त्यात टाकायचं. शनिवारी दुपारी पेटीबाईनं ती उघडायची. किल्ली बुटाच्या नाडीत ओवून गळ्यात घातलेली. आंघोळीला जाताना ती किल्ली काढते का, असं तिच्या नवऱ्याला कुणीतरी विचारलं होतं. तो म्हणाला, मी काढून ठेवली एकदा, तर हिला मानच जागेवर नाही असं वाटायला लागलं.

चिठ्ठ्या म्हणजे गंमतच असायची. चहाला चहा म्हणू नये. पंखा फिरतो पण वारा घरी ठेवून येतो. एक महाशय दर आठवड्याला न चुकता लिहायचे की साहेबांची जीभ एकदा रोलरमधून काढावी, सरळ होईल. हे वाचून पेटीबाई एकटीच हसायची आणि मग कामाला लागायची. तिचे तीन ढीग होते: दुरुस्ती, मागणी आणि नाजूक. शिवीगाळ, मारहाण, अंगचटीला येणं, असलं सगळं नाजूकमध्ये. ते पाकिटात घालून, चिकटवून, तिसऱ्या मजल्यावर साहेबांकडे. बाकीचं ज्याच्या त्याच्या रजिस्टरात.

आणि तिची एक पद्धत होती. मूळ चिठ्ठी ती कुणाच्या नजरेला पडू देत नसे. प्रत्येक चिठ्ठी स्वतःच्या अक्षरात उतरवून घ्यायची, मूळ कागदाचे चार तुकडे करायचे, पायाशी ठेवलेल्या पाण्याच्या बादलीत टाकायचे आणि हातानं चुरून लगदा करायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या वर्षी ड्रमवरच्या एका माणसानं मुकादमाविरुद्ध लिहिलं होतं. तिनं ती चिठ्ठी भोळेपणानं तशीच वर नेली. त्या माणसाच्या ओळी जिना चढल्यासारख्या वर वर जायच्या, आणि त्याचे रजेचे अर्ज मुकादमाकडेच पडलेले. आठ दिवसांत त्याला घरी बसवलं. जाताना तो तिच्या टेबलापाशी थांबला आणि म्हणाला, "बाई, त्या पेटीला कुलूप कशाला लावता?"

तेव्हापासून बादली. त्यानंतर आठ वर्षांत एकही माणूस अक्षरावरून सापडला नाही. पेटीबाईला या एका गोष्टीचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

कडीची पहिली चिठ्ठी आली त्याला दोन वर्षं होत आली. चार वेळा दुमडलेला कागद, सुपारीएवढा झालेला. आत एकच ओळ: कोठाराच्या दाराची आतली कडी काढून टाकावी.

कडी म्हणजे दुरुस्ती. पेटीबाईनं ती त्या ढिगात टाकली. सुतार जाऊन पाहून आला आणि रजिस्टरात त्यानं शेरा मारला, कडी मजबूत आहे. तीन महिन्यांनी दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात तेच. मग तिसऱ्या. दोन वर्षांत सहा. सुतार वैतागला. "बाई, तुमच्या लोकांना त्या कडीचं काय वेड लागलंय हो? कोठार आहे ते, कुणाची न्हाणी नाही. कुरकुरत होती, तेल दिलं. आता लोण्यासारखी सरकते." पेटीबाई हसली होती. रजिस्टरात तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, कडीला तेल दिले.

कोठार ज्याच्या ताब्यात होतं त्याला सगळे मामा म्हणत. माणूस गोडबोल्या. कुणाच्या भावाला कामावर चिकटव, कुणाच्या नवऱ्याला दिवसपाळी मिळवून दे, विरलेल्या चादरी बाळंतिणीच्या घरी पाठव, असं त्याचं चाललेलं असायचं. अर्ध्या कारखान्याच्या डोक्यावर त्याचे उपकार होते. पेटीबाईच्या लेकीच्या बाळंतपणालाही त्यानं मऊ चादरींचा एक गठ्ठा दिला होता, आणि तो तिनं आनंदानं नेला होता.

तर त्या शनिवारी पेटीत एकवीस चिठ्ठ्या निघाल्या. पेटीबाईचा हात आपोआप चालत होता: उलगड, उतरव, फाड, बुडव. डोकं घरी होतं, गॅस बंद केला की नाही यात. सतरावी चिठ्ठी उतरवली, फाडली, बादलीत गेली. मग उतरवलेला कागद कोणत्या ढिगात टाकायचा म्हणून तिनं तो पाहिला. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं:

कडीला तेल दिल्यापासून आवाजही येत नाही. आधी वाजायची तेव्हा बाहेर कळायचं तरी. येत्या सोमवारपासून मला एकटीला कोठारात टाकलंय. कडी काढा, नाहीतर दार काढा.

पेटीबाईनं बादलीत हात घातला. लगदा झाला होता. बोटांना निळी शाई लागून आली.

मग ती उठली आणि दुरुस्तीचं रजिस्टर काढून बसली. एकेक ओळ बोटानं शोधली. सहा वेळा. सहा वेळा कुणीतरी, जे तोंडानं बोलता येत नाही ते, सुताराचं काम म्हणून सांगून पाहिलं होतं. आणि तिनं, नाजूक ओळखायला जिला इथं बसवलंय तिनं, सहाही वेळा ते सुताराकडेच पाठवलं होतं.  

फळ्यावर बदल्यांची यादी होती. येत्या सोमवारपासून कोठारात, मोजणीसाठी: घडीच्या चौथ्या टेबलावरची. बस, एकच नाव. म्हणजे ही चिठ्ठी वर नेणं म्हणजे त्या बाईचा हात धरून तिला वर नेणंच होतं. अक्षर लपवून उपयोग नव्हता. मजकूरच बोट दाखवत होता.

आधी तिनं साधा मार्ग धरला. सुतार शनिवारी अर्धा दिवसच असतो. त्याच्या पेटीतला स्क्रूड्रायव्हर तिनं उचलला आणि थेट कोठारात गेली. मामा आत होता, गठ्ठ्यावर बसून चहा पीत. त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं, मग दाराकडे, मग परत तिच्याकडे. बसा म्हणाला. नात बोलायला लागली का, म्हणून विचारलं. पेटीबाईनं कडीचा विषय काढला तसा तो हसला.

"बाई, कडी दाराला आहे. तुम्हाला कुठं बोचते?"

 ती तशीच परतली, आणि जिन्यावर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण आणखी एक घाण करून ठेवली. चिठ्ठी आली आहे, हे आता मामाला कळलं होतं.

साहेब निघायच्या तयारीत होते. तिनं नवी चिठ्ठी नेली नाही, फक्त दुरुस्तीचं रजिस्टर नेलं आणि त्या सहा ओळी दाखवल्या. साहेब माणूस वाईट नव्हता. कागदातला होता. त्यांनी सहाही ओळी नीट वाचल्या आणि चष्मा काढला.

"पेटीबाई, यात बाई कुठं आहे? यात कडी आहे."

तिनं समजावलं. साहेबांनी ऐकून घेतलं. मूळ चिठ्ठ्या मागितल्या. नाहीत म्हटल्यावर त्यांनी रजिस्टर मिटलं. मग त्यांनी सावकाश सांगितलं की सगळं तुमच्या एकटीच्या अक्षरात आहे, उद्या मामा म्हणाला की या बाईनं आकसानं रचलंय, तर मी काय दाखवू? निनावी चिठ्ठीवर कुणाला हात लावता येत नाही. नाव घालून, सही करून कुणी तक्रार दिली तर गोष्ट वेगळी. तक्रार समितीकडे जाते आणि सुनावणी होईपर्यंत ज्याच्यावर आरोप आहे त्यानं कारखान्यात पाऊल टाकायचं नाही, असा नियमच आहे. "एक सही आणा," ते म्हणाले. "मी पाचपर्यंत बसतो."

पहिली पाळी सुटत होती. घडीवाली हात धुवायच्या नळापाशी सापडली. पंचविशीतली, बारीक, घड्या इतक्या भरभर घालायची की शेजारणी तिला मशीन म्हणायच्या. तिचा दीर खाली बॉयलरवर होता. त्याला मामानंच लावला होता आणि त्याच्या शब्दावर हिला. पेटीबाईनं तिला बाजूला घेतलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं: चिठ्ठी वाचली, सही हवी, सही दिलीस तर सोमवारी तो दारातही येणार नाही.

घडीवालीनं हात पुसले. एकेक बोट वेगळं पुसलं.

"मी कसली चिठ्ठी लिहिली मावशी? मी नाही लिहिली."

"माझ्यापाशी तरी नको ना असं करू."

"माझं अक्षर दाखवा मग."

"ते मी फाडलं."

"मग झालं तर," घडीवाली म्हणाली. मग नळाकडे बघत, खालच्या आवाजात तिनं एवढंच विचारलं: "तुम्ही मगाशी स्क्रूड्रायव्हर घेऊन गेला होता ना तिथं? दिरानं मला येऊन सांगितलं. म्हणाला, तुझ्यामुळं काही झालं तर घरात घेणार नाही. तुम्ही मदत करता की काय करता, मावशी?"

ती गेली. फाटकापाशी दीर उभा होता, तिची पिशवी त्यानं हातात घेतली. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, किती जपतो.

पावणेपाच वाजले होते. पेटीबाई परत तीन मजले चढली. गुडघे दुखत होते, पण दुखतात ते तिला नंतर आठवलं. साहेबांसमोर छापील अर्ज होता. तक्रारदाराचं नाव, या ओळीवर तिनं हजेरीच्या कार्डावरचं नाव लिहिलं, जे घड्याळ सोडून कुणी वापरत नव्हतं. घटनेचं ठिकाण: कोठार. घटनेची तारीख, या चौकटीशी ती अडली. मोजणी गुरुवारी असते, पाळीनं एकेक बाई आत एकटी असते ती गुरुवारीच. पहिली चिठ्ठी ज्या शनिवारी निघाली त्याच्या आदल्या गुरुवारची तारीख तिनं रजिस्टर बघून घातली. मी आत असताना मामानं कडी आतून लावली, असं लिहिलं. सही केली.

साहेबांनी अर्ज वाचला. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, ते त्यांनी दाबलं.

"तुम्ही? तुमचं वय काय, बाई?"

"सत्तावन्न. दुसऱ्या ओळीत लिहिलंय."

घरी तिनं नवऱ्याला रविवारी सकाळी सांगितलं. तो आयुष्यभर बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये नट आवळत आलेला माणूस, निवृत्त झाल्यापासून रेडिओ उघडून बसायचा. त्याच्या हातातला पेचकस थांबला.

"खरं आहे का हे?"

"खरं आहे. माझं नाही, पण खरं आहे."

 जावयाला काय सांगायचं, एवढंच त्यानं विचारलं. तिला ते लागलं. मग बहुधा तिला बरं वाटावं म्हणून, त्यानं विषय बदलला. नात पुढच्या महिन्यात दोन वर्षांची होईल, म्हणाला, तेव्हा बाळंतपणाला तू लेकीकडे दहा दिवस जाऊन राहिली होतीस, मी इथं करपलेलं खात होतो.

पेटीबाईच्या हातातली बशी खाली ठेवायची राहिली. त्या दहा दिवसांतच तो गुरुवार होता. ती शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं आली होती, शनिवारी सकाळी कामावर गेली, पेटी उघडायची सलग दुसऱ्या शनिवारी राहू नये म्हणून. त्या गुरुवारी घड्याळात तिचं कार्ड पडलेलंच नव्हतं. समिती पहिलं कार्डच मागणार.

सोमवारी मामा आला नाही. म्हणजे तेवढं झालं. पण गोष्ट पहिल्या पाळीच्या चहापर्यंत सगळ्या मजल्यांवर पोचली होती. रोलरवरची पोरं ती जाताना गुडघे दुखल्यासारखं चालून दाखवायची. एकानं विचारलं, मावशी, मामाचा चष्मा तुटला होता का. तिच्या टेबलावर कुणीतरी एक गंजकी कडी आणून ठेवली. मामानं ज्यांचं भलं केलं होतं त्या बायका तिच्याशी बोलेनात. बाकीच्या बोलल्या असत्या, पण त्यांना कुणी बोलताना बघू नये असं वाटत होतं.

सुनावणी शुक्रवारी. चार दिवस तिच्या हातात होते. नऊ वर्षं लोकांची अक्षरं वाचून तिला ती तोंडओळखीची झाली होती. कडीच्या सहा चिठ्ठ्या कुणाकुणाच्या, ते तिनं आजवर मनातही जुळवलं नव्हतं, तेच आता जुळवलं. चार बायका निघाल्या, दोघींनी दोनदा लिहिलं होतं. एक काम सोडून गेली होती. दुसरीनं दारातूनच परतवलं. तिसरी तिच्यापुढे रडली आणि म्हणाली, माझी मुलगी लग्नाची आहे, तुम्ही माझ्या घरी आलाच नाहीत असं धरून चाला. चौथी म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी का नाही आलात, बाई? तेव्हा मी सही केली असती."

 तेव्हा पेटीबाई तिची चिठ्ठी दुरुस्तीच्या ढिगात टाकत होती.

गुरुवारी दुपारी ती स्क्रूड्रायव्हर घेऊन परत कोठारात गेली. घडीवाली आत एकटीच गठ्ठे मोजत होती. तिनं मान वर केली नाही. पेटीबाईनं दार लावून पाहिलं. चांगलं सरळ बसत होतं, चौकटीला कुठं घासतही नव्हतं. मग ती कडीशी लागली. स्क्रूंवर रंगाचे थर चढलेले. पहिला निघाला. दुसऱ्याला तिचं मनगट पुरेना, दार मागं मागं हलायला लागलं. ती दमली, थांबली, पुन्हा जोर लावला. मागं मोजणी थांबली होती. घडीवाली आली, दाराच्या पलीकडच्या बाजूनं खांदा लावून उभी राहिली, आणि दार हलायचं थांबलं. एकेक करून चारही स्क्रू निघाले. कडी हातात आल्यावर घडीवाली परत गठ्ठ्यांकडे गेली आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.

शुक्रवारी समितीची तीन माणसं बसली होती. मामा इस्त्रीच्या शर्टात, चेहरा दुखावलेला. त्यांनी कार्ड काढलंच.

"या तारखेला तुम्ही कामावर नव्हता."

"नव्हते."

"मग तक्रार खोटी आहे."

"तारीख खोटी आहे," पेटीबाई म्हणाली. "बाई पण खोटी आहे. कडी खरी आहे." आणि तिनं ती कडी टेबलावर ठेवली.

मधल्या माणसानं ती उचलून पाहिली. विचारलं, ही कारखान्याची मालमत्ता तुम्ही कुणाच्या परवानगीनं काढली? मामानं तेवढ्यात मोठ्या मनानं सांगितलं की जाऊ द्या, बाईंचं वय झालंय, माझा काही राग नाही. ते समितीनं लिहून घेतलं. पेटीबाईनं मान खाली घातली. लाज वाटली म्हणून नाही. त्याच्या तोंडाकडे बघवेना म्हणून.

निकाल सोमवारी आला. खोटी तक्रार. शनिवारपर्यंत कामाची सूत्रं नव्या कारकून मुलीकडे सोपवून निघायचं. मामा त्याच दिवशी कोठारात परत आला, आणि घडीवालीची बदली कुणी रद्द केली नाही. पेटीबाई आठवडाभर टेबलाशी बसून होती. रोज सकाळी चौथ्या टेबलावरची रिकामी जागा बघायची. गुरुवारी तर ती दिवसभर जिन्याच्या पायरीवरच बसली, जिथून कोठाराचं दार दिसतं. नवी मुलगी दोनदा बोलवायला आली. पेटीबाई म्हणाली, येते. गेली नाही.

शनिवारी पेटी उघडली. आत काहीच नव्हतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. जिभेवाल्या महाशयांनीही लिहिलं नव्हतं.

नवी मुलगी हुशार होती, वही घेऊन सगळं टिपत होती. नाजूकचं पाकीट कसं चिकटवायचं, साहेब कधी भेटतात. दुरुस्तीचं रजिस्टर तिनं वरवर चाळून बाजूला सारलं, यात काही विशेष नाही ना, म्हणाली. पेटीबाईनं ते परत ओढलं. शेवटच्या पानावर मामाच्या हातची नोंद होती: कोठाराची आतली कडी गायब आहे. नवीन बसवावी. तातडीचे.

समोरच्या रकान्यात सुताराच्या वाकड्यातिकड्या अक्षरात शेरा होता: दार फुगले आहे. कडी बसत नाही.

पेटीबाईनं ते दोनदा वाचलं. खाली कालची दुसरी नोंद. पुन्हा मागणी, पुन्हा तातडीचे. पुन्हा तोच शेरा. किती दिवस तो असा शेरा मारू शकेल, ते त्यालाच ठाऊक. एक दिवस मामा दुसरा सुतार आणेल.

तिनं गळ्यातून नाडी काढली. किल्ली मुलीच्या हातात देताना तिला ती पटकन सोडवेना.

"आधी दुरुस्तीचा ढीग वाचायचा," ती म्हणाली. "नाजूक नंतर."